करकर

बुधवारी रात्री आठ वाजता
सुभाषनगरातल्या आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.
हिंदुराव कंडक्टरच्या दारात चपलांचा हा ढीग,
आणि आत, लाकडी शटरच्या टीव्हीत,
दरबार भरलेला.

सगळे बघायचे तलवारी, जिरेटोप,
राणीसाहेबांची नथ.
आम्ही पायांकडं बघायचो.
आम्ही म्हणजे मी, आई, धाकटा शशी
आणि लांब, भिंतीला टेकून, आण्णा,
ज्यांनी त्या अख्ख्या दरबाराला वहाणा घातल्या होत्या.

चौऱ्याहत्तर जोड.
पन्हाळ्यावर शूटिंग, मुदत वीस दिवस.
घरात पाऊल टाकायला जागा नव्हती.
चुलीपाशी सरदार, खाटेखाली हुजरे,
आईच्या पिठाच्या डब्यावर पेशव्यांचा वकील वाळत पडलेला.
मापाच्या कागदावर नावं नव्हती, हुद्दे होते,
आणि शशी आल्यागेल्याला सांगायचा,
सेनापतीचा डावा पाय उजव्याहून मोठा आहे.

मग एक दिवस पापाच्या तिकटीवर जीप थांबली.
गळ्यात हेडफोन अडकवलेला एक पोरगा उतरला.
म्हणाला, मामा, वहाणा झकास,
पण वाजतात हो. महाराज बोलायला लागले
की करकर, करकर. डायलॉगच ऐकू येत नाही.
आवाज काढा.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.
आवाज घालायचे पैसे घेणारं घर आमचं.
तळाच्या दोन कातड्यांमध्ये विंचवाचं बी
कुठं ठेवायचं, किती ठेवायचं,
हे आज्यानं मरायच्या आदल्या वर्षी सांगितलेलं.
आमच्या वहाणा घातलेला नवरा मांडवात यायचा
तर आधी आवाज यायचा, मग नवरा.
आता म्हणे राजानं मांजरासारखं चालायचं.

उसवले. रात्रभर उसवले.
आरी, रापी, रॉकेलची चिमणी,
सकाळी वाटीभर बिया.
आईनं त्या शेवग्याच्या बुडात ओतल्या.

त्यामुळं टीव्हीवर कुणाच्याच पायांचा आवाज नाही.
पहिला भाग, दुसरा, पाचवा.
पायसुद्धा नाहीत. कॅमेरा गुडघ्याच्या खाली उतरंचना.
हिंदुरावची बायको म्हणायची,
आण्णा, तुमचं काम दिसंना की वो.
दिसंल, आण्णा म्हणायचे. हायत अजून भाग.

सातव्या भागात
मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या,
मग पाटी, व्यत्ययाबद्दल क्षमस्व.
हिंदुराव कौलांवर चढून अँटेना पिळतोय,
खालनं सगळी ओरडतायत,
आलं, गेलं, आलं, तितंच धर!
चित्र आलं तेव्हा दरबार गप्प होता.
गड पडल्याची बातमी घेऊन जासूद येत होता.
त्याला संवाद नव्हता.
लांबलचक दगडी सदरेवरनं एकटा चालत होता,

करकर.
करकर.
करकर.

कुणी हसलं नाही.
राणीच्या डोळ्यांत पाणी आलं
ते त्याचं तोंड दिसायच्या आधीच.
मी मागं वळून बघितलं.
आण्णा टीव्हीकडं बघतच नव्हते.
डोळे मिटून मान डोलवत होते,
गवई ऐकावा तसे.

घरी येताना आईनं विचारलं, ही एकच जोडी कशी राहिली?
आण्णांनी विडीला काडी लावली.
त्यो पोरगाच म्हणालता की, आवाज काढा.
एकानं काढला.

मालिका आता कुठंच मिळत नाही.
मी दोनदा पत्र टाकलं. उत्तर आलं,
त्या टेपा पुसून त्यांवर दुसरं काहीतरी भरलंय,
बहुतेक शेतीचे कार्यक्रम.

शशी म्हणतो सातवा नव्हे, सहावा भाग.
म्हणतो जासूद घोड्यावरनं आला होता,
करकर आली ती दारातल्या चपलांच्या ढिगातनं,
कुणीतरी उठून बाहेर गेलं होतं तेव्हा.
यावरनं आमचं अजून भांडण होतं, फोनवर, तासतासभर.
मग भांडताभांडता मध्येच थांबतो
आणि तोंडानं आवाज काढून दाखवतो.

येत नाही त्याला.