शिसं

कोइमतूरची भट्टी विझवून शिदूअण्णा गावी आले
ते एक यंत्र घेऊन. लांब दांडा, ताटाएवढं चाक,
कानाला लावायचं काळं बोंडकं.
गावाला वाटलं, हंडा शोधतोय.
गलाईवाला माणूस, जन्मभर दुसऱ्याचं सोनं वितळवलं,
आता स्वतःचं हुडकणार.

माझ्याकडे टिकाव आणि पाण्याची बाटली.
मुलगी म्हणून नाही,
माझे गुडघे अजून धड आहेत म्हणून.

बाणूरगडाखालचा माळ. कुसळं, सराटे,
लांबवर पवनचक्की, बंद पडलेली.
यंत्र ओरडतं: बैलाची पत्री.
ओरडतं: द्राक्षबागेची तार, वीतभर.
ओरडतं: औषधाच्या बाटलीचं झाकण,
दोन पावलांवर तसलंच दुसरं.
दिवसाकाठी पिशवीत जमतं ते
भंगारवाला फुकटसुद्धा नेणार नाही.

"लढाई झाली म्हणतात, ती नेमकी कुठं?"
"तू उभी हाईस तिथं. न्हायतर त्या बांधाला.
सांगणारा जिथं बसंल तिथं झालेली असती."

चौथ्या दिवशी, ऊन कलताना,
आवाज वेगळा आला. जड, भिजलेला.
अण्णांनी बोंडकं काढून माझ्या कानाला लावलं,
मग बोटानं मातीवर गोल काढला.
मी खणलं.
बोराएवढी गोळी, पांढुरकी,
अंगाला राख फासल्यासारखी.

तळहातावर झुलवली त्यांनी; वजन त्यांना काट्याआधी कळतं.
आणि सवयीनं दाताखाली धरली.
पन्नास वर्षं प्रत्येक धातूशी
त्यांची ओळख अशीच झालेली.

थांबले.
थुंकले. शर्टाच्या टोकानं पुसून
माझ्यापुढं धरली.

दोन खोलगट खुणा, शेजारी एक बारकी.
जुन्या, कडा झिजलेल्या.
अण्णांचे दात बरोबर त्यांच्यातच जाऊन बसले होते.

दोन्ही हात बंदुकीत गुंतलेले, म्हणून तोंडात धरली?
की मांडीतला बाण कुणीतरी उपसत होतं,
आणि ओरडायची चोरी होती?
गडावरचा की गडाखालचा?

"रानडुकरानंबी चावली आसंल," अण्णा म्हणाले,
"त्याला काय, मुळी वाटली आसंल."
पण घाट चढेपर्यंत
त्यांचा हात जबड्यावरून हलला नाही.

पारावरून हाक आली, "घावला का हंडा?"
"घावला की!"
सगळे हसले. अण्णाही.

रात्री आमचं भांडण झालं.
मी म्हटलं, तहसीलला कळवू. ते म्हणाले, कळवून काय,
वजन करतील, कागद करतील, कपाटात हरवतील.
मी म्हटलं, आणि तुम्ही?
बोलले नाहीत.

शिसं घरच्या गॅसवरसुद्धा वितळतं,
हे मला त्यांनीच शिकवलेलं; जुन्या पळीत, दहा मिनिटांत.
हाताला लागलेला एकही तुकडा
त्यांनी आजवर आकारात राहू दिला नव्हता.

पळी खिळ्याला होती. गॅस मोकळाच होता.
यंत्र कोपऱ्यात, सेल काढून ठेवलेलं.