पातळी

सकाळी सहाला मी हतनूर धरणाची पातळी लिहिते:
दोनशे दहा पूर्णांक चार.
पुढच्या रकान्यात वेळ, मग सही,
शेवटी शेरा. तो कोराच राहतो.

वरच्या अंगाला, चांगदेवपाशी, पूर्णा तापीला मिळते.
सहलीत मी बाईंना विचारलं होतं,
इथून पुढे तापीच का?
पूर्णेनं आपलं नाव कुठे ठेवलं?
बाई म्हणाल्या, फार शहाणी आहेस.
मी थँक्यू म्हणाले.

गाव लेवा बोलीत बोलायचं,
मी धड्यात छापतात तसं.
रेडिओ लागला रे, म्हणायची पोरं.
बाराव्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरांनी शब्द दिला:
ॲस्पर्जर.
आईनं तो पदराच्या टोकाला बांधून आणला.
सावद्याच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत
गाठ सोडून दाखवायची,
"माही यामिनी तशी नाई वं माय,
तिचं येगळं हाये."

तशी म्हणजे झोप्यांच्या लोमेशसारखी.

लोमेश बोलत नाही. ताटली फिरवतो,
ती आडवी पडायच्या आत पुन्हा फिरवतो.
एकोणीस वर्षांचा. दुर्गाकाकू त्याला अजून आंघोळ घालतात.
आई गाठ सोडायची तेव्हा काकू बहुधा तिथेच असायच्या,
भरताची वांगी निवडत,
देठाकडे बघत.

मार्चमध्ये प्रमाणपत्र बदलायला जळगावला गेलो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो शब्द आता काढलाय.
आता सगळ्यांना एकच, स्वमग्नता.
तुमची पातळी एक.
मी विचारलं, किती वाजताची?
त्या हसल्या.
मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.
सकाळी सहाची वेगळी असते.
वरातीचा बँड दारावरून गेल्यावर
मी कॉटखाली असते, तेव्हाची कुणी मोजलेली नाही.

भुसावळपर्यंत आई गप्प होती.
मग म्हणाली, "म्हंजे आता आपुन आन् झोपे सारखेच?"

खरं सांगते, मलाही तो शब्द हवा होता.
जुन्या चपलेसारखा
माझ्या पायाचा आकार त्याला आला होता.
मग वाचलं की ते एका डॉक्टरचं आडनाव,
आणि त्याच्या सहीनं काही मुलं
अशा इस्पितळात गेली, जिथून ती परतली नाहीत.
ठेवायची कोण, पाठवायची कोण, हे कुणीतरी निवडलं होतं.
त्या रात्री मला देठाकडे बघणाऱ्या काकू दिसल्या.

ऑगस्टमध्ये दरवाजे उघडण्याआधी भोंगा झाला.
मी अंगठे कानांत घातले,
उरलेली बोटं डोळ्यांवर.
भोंगा थांबल्यावर बघते तर
कठड्यापाशी लोमेश,
अंगठे कानांत, बोटं डोळ्यांवर.

इथे थांबले तर खोटं होईल.
मी सायकलवर घरी गेले, पगाराचा हिशेब केला.
त्याला काकूंनी मनगट धरून नेलं,
वाटेत दोनदा तो खाली बसला.
एकच शब्द लिहिला
तर काकूंच्या पहाटा कुठल्या रकान्यात?
दोन लिहिले
तर आमचे अंगठे कुठल्या?

संध्याकाळी सहा. दोनशे नऊ पूर्णांक नऊ.
शेऱ्यात पहिल्यांदा काही लिहिलं:
भोंगा फार मोठा आहे. दोघांची तक्रार.

दुसऱ्या दिवशी साहेबांची लाल शाई:
दोघं कोण?

उत्तराला रकाना नव्हता.
समासात लिहिलं. फक्त नावं.