उजवा खांदा

आमच्या रणगाड्यात दोनच माणसं मावायची.
खाली मी, गुडघे छातीशी, हातात दोन दांडे.
वर ते, कातडी पट्ट्यावर अर्धवट टेकलेले,
लेफ्टनंट आंतेल्म झाक्ये, पेशाने शाळामास्तर.
मध्ये इंजिनाचा असा गोंगाट
की स्वतःचा खोकलाही ऐकू येऊ नये.
म्हणून बोलणं पायांनी.
उजव्या खांद्यावर बूट टेकला की उजवीकडे.
डाव्यावर, डावीकडे.
दोन्ही खांदे दाबले की थांब.
पाठीत हलकी लाथ, म्हणजे चल.

पहिल्या दिवशी म्हणाले,
"फिर्मँ, पाय लागतील. राग मानू नकोस."
मी लांसच्या कोळसा खाणीतला.
आमच्याकडे साहेब लाथ मारण्याआधी
परवानगी मागत नसत.

ज्यूराच्या डोंगरात त्यांचं गाव,
घरोघरी चष्मे घडवणारं.
बाप जन्मभर भिंगं घासत बसलेला,
आणि पोराची नजर अधू आहे
हे पोर सहा वर्षांचं होईतो त्याच्या ध्यानात आलं नाही.
"चष्मा लावला," ते सांगायचे,
"तेव्हा कळलं, झाडाला सुटी सुटी पानं असतात.
तोवर मला वाटे, झाड म्हणजे हिरवा धूर."
तीनदा सांगितलं मला.
तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगतोय अशा चेहऱ्याने.

हिवाळाभर नुसती वाट पाहिली लढाईची.
लॉरेनचा चिखल, गोठलेलं डिझेल नव्हे, पेट्रोल,
असं चुकलं की ते लगेच दुरुस्त करत.
चिलखताच्या आतल्या बाजूला खडूने
त्यांनी मला अपूर्णांक शिकवले.
तोफगोळ्यांच्या कप्प्यात पोरांच्या वह्यांचा गठ्ठा,
तपासायच्या राहून गेलेल्या.
पत्त्यांत माझे अकरा फ्रँक देणं लागत होते.
कुणा क्लोतिल्दला पत्र लिहीत आणि फाडत.

मग जून.
एन नदीच्या अलीकडे गहू कमरेएवढा,
आणि रस्त्यावर गाद्या लादलेल्या गाड्यांची रांग,
आमच्या उलट दिशेने.
आम्ही चौदा रणगाडे निघालो.

आवाज मोठा नव्हता.
बादलीवर कुणी टिचकी मारावी तसा.
लगेच उजव्या खांद्यावर बूट आला.
मी उजवीकडे वळवलं.
बूट उचलला गेला नाही.
म्हटलं, अजून थोडं असेल, अजून वळवलं.
बूट तसाच. जड.
मी गव्हात गोल गोल फिरत राहिलो,
हुकूम मोडायचा नाही म्हणून.
आम्ही सरळ गेलो असतो तिथे
दुसरा गोळा पडला, माती उडाली.
मानेवरून काही कोमट ओघळलं.
तेल गळतंय, मला वाटलं.
तिसऱ्या फेरीला कळलं.

सेहेचाळीस साली सुटून आलो तेव्हा
त्यांच्या गावी गेलो. वह्या माझ्याजवळ नव्हत्या.
चष्मा होता, एका काचेचा.
म्हाताऱ्याने तो घेतला,
सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला,
स्वच्छ झाला तरी पुसत बसला.
आईने विचारलं, "त्रास झाला का त्याला?"
नाही म्हणायचं हे ठरवूनच गेलो होतो.
तोंडातून निघालं, "ठाऊक नाही. मी खाली होतो.
मला त्यांचे पाय तेवढे ठाऊक."
ती गप्प. मग म्हणाली,
"कोणता खांदा?"
मी दाखवला.
तिने हात लावला नाही.
आत गेली, कॉफी घेऊन आली,
बशीत साखरेचे दोन खडे, त्या वर्षी,
जेव्हा साखर कुठेच मिळत नव्हती.

निघालो तेव्हा अंधारलं होतं.
फाट्यावर मी उजवीकडे वळलो.
बराच चाललो.
स्टेशन डावीकडे होतं.