संगमरवर

डॉक्टर कानड्यांच्या हॉलमध्ये पडदे लावायला गेले होते.
समोरची भिंत पांढरी,
पांढऱ्यात राखाडी नस, नशीत बारीक सोनेरी.
स्टुलावरून उतरताना तोल गेल्यासारखं करून
तळवा टेकवला. गार.

घरी येऊन फुटाचा भाव काढला,
मग चहा टाकला.

लोहिया बाजारातून एक डबा पांढरा,
पुडीतला काळा, चिमूटभर,
सोनेरी म्हणून माधुलीची नेलपॉलिशची बाटली, तळाशी घट्ट झालेली,
आणि गच्चीवर पडलेलं कबुतराचं पीस.
ओल्या रंगावर पीस लोळवायचं,
हात थरथरला तर थरथरू द्यायचा,
दगडाला तरी कुठे सरळ रेघ येते?
पोपडे होते तिथूनच मोठी नस नेली.
हे म्हणाले, किती गेले?
तीनशे दहा. पीस फुकट.

राठौरबाई आल्या, चष्मा कपाळावर सरकवला.
"असली है क्या, ताई?"
मी आपली कणीक मळत राहिले.
त्यांनीच हात लावला भिंतीला
आणि फिस्सकन हसल्या.

भिंतीपलीकडे त्यांचीच भट्टी.
पौषात पहाटे चारलाच पेटते,
पाक चढतो, तीळ तडतडतात,
मग गजक कुटायचे ठोके, धप्प धप्प,
उजाडेपर्यंत.

सगळं लष्कर धुक्यात असतं तेव्हा
शाल पांघरून मी
माझ्या संगमरवराला पाठ लावून बसते.
चांगला ऊन लागतो.

ठोक्यांनी कोपऱ्यातला रंग थोडा झडतो.
पीस डब्यात जपून ठेवलंय.