शेरा

हळदीच्या पेठेमागं, हमालांच्या दोन खोल्यांत
माझी बालवाडी होती.
मुलं घरून अंघोळ करून यायची
आणि दुपारपर्यंत पिवळी व्हायची, कानामागं, नखांत.
हजेरीपटात शेवटचा रकाना होता: शेरा.
वरून कुणी तपासत नव्हतं,
म्हणून तो मी खरा लिहायचे.

श्रेणिक मगदूम. वय तीन वर्षं, एक महिना.
उंबऱ्यात उभा राहतो. आत येत नाही.
सातव्या दिवशी: उभा.
बावीस दिवस त्यानं आम्हाला तिथून पाहिलं,
कोण कुठं बसतं, कुठली फरशी हलते,
खिचडी आधी कुणाच्या ताटात पडते.
तेविसाव्या दिवशी आला,
हलत्या फरशीला वळसा घालून बसला.
मी लिहिलं: भित्रा.

इर्शाद पडला तरी आधी हसायचा,
मग आठवण झाल्यासारखा रडायचा.

वनिता ऐवळे. चावते.
दोनदा मला, एकदा डॉक्टरला,
एकदा लाकडी घोड्याला,
त्याच्या कानावर ती खूण शेवटपर्यंत होती.
झोपवलं की उठायची, बसवलं की चढायची,
'माझं' हा शब्द तिच्या तोंडात
गुळाच्या खड्यासारखा.

लोक म्हणतात, पाय पाळण्यात दिसतात.
मी पाय पाहिलेत. शेकड्यांनी.
बहुतेक मळलेले होते,
आणि सगळे कुठंतरी निघालेले.

श्रेणिक आता पाटबंधाऱ्यात आहे.
कृष्णा चढते तेव्हा आयर्विन पुलावर
तासातासाला पातळी वाचतो.
त्या ऑगस्टात गल्ली म्हणत होती, एवढं नाही चढणार.
तो दुपारीच दारात येऊन उभा,
उंबऱ्याच्या बाहेरच,
"बाई, कपाटं वर घ्या."
भिणं तेच. तीनदा बघून मग पाऊल टाकणं तेच.
रात्री माळ्यावर बॅटरीच्या उजेडात
मी जुना हजेरीपट काढला.
शब्द खोडला नाही.
खोटा नव्हता तो, नुसता लहान होता,
तेव्हाच्या त्याच्याएवढा.

इर्शादची वडाप आहे, सांगली ते मिरज.
बायको सोडून गेली तेही त्यानं हसतच सांगितलं,
आणि मी, त्याची बाई,
रडण्याची वाट बघत बसले.
तोवर माझा स्टॉप आला.

वनिता मात्र
गेल्या चैत्रात रेशनच्या रांगेत दिसली.
कुणी पुढं घुसलं, तिनं जागा दिली.
आणखी कुणी घुसलं. दिली.
मी ओळख सांगितली, तर पदर सावरून
"बरंय बाई", एवढंच.
ते दात कुठं गेले?

स्वभावाला औषध नाही म्हणतात.
आहे. मी दिलेलं आहे.
कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून,
रोज थोडं थोडं,
आणि वर्षअखेरीस त्याच रकान्यात निळ्या शाईनं:
सुधारणा चांगली.
पुढचे डोस शाळेनं दिले असतील, सासरनं दिले असतील,
पहिला माझा.

(कदाचित नसेलही.
कदाचित ती आपसूक निवली असेल,
काही मुलं निवतात, ठेवलेल्या दुधासारखी.
मला कसं कळणार?
माझ्याकडं एकच वनिता होती.)

तिच्या कडेवर पोरगी होती, दीडेक वर्षाची.
माझ्याकडं टक लावून बघितलं तिनं,
मग चष्मा ओढला, काडी तोंडात घातली
आणि कडकन्.
वनिताचा हात वर गेला.
मी तो हवेतच धरला.
रांग पुढं सरकली, मागून कुणी ओरडलं,
आम्ही तिघी तशाच.

"असू दे," मी म्हणाले,
जे तीस वर्षं आधी म्हणायचं होतं
ते एवढुशा आवाजात,
रॉकेलच्या जुन्या वासात, भलत्याच पोरीला.

काडी अजून बदललेली नाही.
वाचताना कानामागं टोचते.