पिसाची माशी

साहेबांनी लिहून दिलं: सात दिवस.
कारणाच्या रकान्यात: हात.
माझ्या हातात चहाची बशी वाजते,
आणि बशी वाजवणाऱ्या हाताला
कोणी खांबावर चढवत नाही.

म्हणून सासुरवाडीला आलो, चुलबंदच्या काठी.
शिमगा होऊन गेलेला,
होळीची राख कोंबड्या अजून उकरतायत.
लाखोळी निघाली, मोहाखाली पोरी टोपल्या घेऊन वाकलेल्या,
आणि नदी इतकी उतरलेली
की एकेक दगड नावानं हाक मारण्याजोगा.

सोमवार माशी बांधण्यात गेला.
सासूबाईंच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची दोन पिसं
(तेव्हापासून तो माझ्याकडे तिरपा बघतो),
जळक्या मोटारीतलं केसाएवढं तांबं,
गळाच्या पाठीवर सात वेढे.
सहाव्याला बोटं सुटली.
पुन्हा पहिल्यापासून.

उदाराम धिवर डोंग्यात बसून बघत होता.
"पिसाच्या माशीनं मासा?
जाळं टाकलं तं दोन घंट्यात टोपली भरते, जवाईबापू.
तुमी हप्ताभर काहून पानी झोडपून रायले?"
म्हटलं, तार ओढायची सवय आहे.
संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या गावाला पाठ झालं होतं.

पण खरंच, तंगूस फेकणं म्हणजे तार ओढणंच.
मागे पुरती जाऊ द्यायची,
हवेत तिचा झोळ सरळ होईतो थांबायचं,
मगच पुढे.
घाई केली की चाबूक होतो.
मंगळवारी माशी बाभळीत अडकली,
बुधवारी माझ्याच सदऱ्यात.

उदाराम म्हणाला, पावसात हे वर चढतेत,
धारेच्या उलटे, पार जंगलातल्या नाल्यापोत.
पानी उतरलं का जो मागं रायला तो रायला.
या डोहात आहे एक.
दोन वर्सं झाले, जाळ्यात येत नाही.

गुरुवारी दिवस बुडता बुडता
पाण्यावर खरे किडे उतरले, धुळीसारखे,
त्यांच्यात माझी खोटी माशी टेकली,
आणि तारेतून काहीतरी आलं.

मी हात उघडले.

बावीस वर्षं हेच शिकलो:
तारेतून आलं की विचार नाही, सोड.
हेमराजला सोडता आली नव्हती.
माणूस तारेला धरत नाही तेव्हा, तार धरते.
खाली शिडी धरून मी उभा होतो.
फीडर बंद आहे, असं मला फोनवर सांगितलं होतं,
आणि वर तोंड करून मीच ओरडलो होतो:
बंद आहे रे, चढ.

छडी डोहाच्या अंधारातून खाली निघून गेली.

शुक्रवारी भिवराबाई आली, उदारामची बायको,
डोक्यावर झिंग्यांची टोपली, बगलेत माझी छडी.
बंधाऱ्याच्या फळ्यांना अटकली होती.
"बांबू हाय बाबू, बुडते काय?
माशी तेवढी नेली त्यानं."
अंगणात मी पुन्हा पिसं शोधायला लागलो
तेव्हा कोंबडा छपरावर जाऊन बसला.

शनिवारी काही नाही.
उन्हात डोकं भाजलं, भिवराबाईची भाकर खाल्ली,
जवसाच्या चटणीसोबत.

रविवारी तो आला.
तोच, की दुसरा कोणी, कसं सांगू.
हात उघडायला निघाले, मी बघितलं त्यांना उघडताना,
आणि मिटले.
मग छडी, तंगूस, कोपर, दात,
सगळ्यांतून एकच थरथर;
त्यातली त्याची किती, माझी किती,
वेगळी काढता येईना.

पाव किलोसुद्धा नव्हता.
उदारामनं त्याचं नाव सांगितलं,
मला तेव्हा ऐकू येत नव्हतं.
गळ सोडवला, पाण्यात धरून ठेवला,
त्याचे कल्ले चालू होईतो.
"सोडता काय?" उदाराम ओरडला. "हप्ताभर बसून?"
तळहातात एक शेपटी वळली
आणि पाणी उरलं.

घरी सासूबाईंनी चहा दिला.
बशी वाजली.
छपरावरून कोंबड्यानं
मान वळवून पाहिलं.