छत्तीस तारा

ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार. गॅरेजचं दार अर्धं वर.
ओवायहीच्या पठारावरून येणारा सुका वारा
सेजच्या झुडपांचा कडवट वास आत सारतोय.
बाइक लाकडी खोक्यावर, दोन्ही चाकं अधांतरी,
आणि बेन्यात घडीच्या खुर्चीत, पुढच्या चाकापाशी,
कान तिरपा करून.

"वाजव."

मी बारीक पान्याने एकेक तार टिचकावते.
टिंग. टिंग. टिंग. टक.
"थांब. बद्द वाजली."
कलिंगड वाजवून घ्यावं तसा तो चाक वाजवून घेतो.
पाव फेरा पिळते. टिंग.
"हां. आता बहिणींत बसली."

चार वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या मधोमध
एक करडा ठिपका आला, आणि हलला नाही. मग पसरला.
आता त्याला कडा दिसतात फक्त:
दाराची चौकट, माझी कोपरं, टेबलाचा काठ.
लायसन त्याने स्वतः नेऊन दिलं.
बाइक मला विकली एका डॉलरला,
वर पावती लिहून घेतली.
छत्तीस तारा चाकाला,
आणि आम्हा भावंडांचा लहानपणापासून छत्तीसचाच आकडा.

स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये.
तंबू: अकराशे ग्रॅम. स्लीपिंग बॅग: नऊशे.
"पातेलं कशाला? कपात उकळ."
"कपात सूप उकळू की कॉफी?"
"आधी एक, मग दुसरं. घाई आहे का तिथे कुणाला?"
टायर काढायचे दोन लिव्हर, ट्यूब एकच, पुढची,
ती मागेही चालते, ओढूनताणून.
चेनचा जोड, क्लचची जादा दांडी,
पंपाला गुंडाळलेली चिकटपट्टी.
टाकी भरली तर एकशे चाळीस मैल,
वाळूत शंभरच धर, असं तो म्हणतो,
आणि मी, नेकाने, त्रेपन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी,
गुपचूप शंभरच धरते.

एअर फिल्टर राहिला होता.
बादलीत साबणाचं पाणी, स्पंज दाबला की
आतून भुरकट ढग सुटतो, पीठ कालवल्यासारखा.
मी पाणी ओतून देणार, तर त्याने हात घातला बादलीत.
तळाची माती चिमटीत घेतली. चोळली. पुन्हा चोळली.

"ही पठारावरची नाही."

वारा दाराखालून येत राहिला.

"ही टाल्कम पावडर आहे. ही त्या कोरड्या तळ्याची.
तू तर ऑगस्टमध्ये दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस."

त्या तळ्यावर आम्ही सतरा वर्षं जायचो.
पांढरंशुभ्र, सपाट, वळायला कारणच नाही असं.
तो पुढे, मी त्याच्या धुळीत,
आणि रात्री शेकोटीशी दात पांढरे, बाकी सगळं राखाडी.
एकटीने जाऊन बघायचं होतं मला
की ते अजून तेवढंच मोठं आहे का.
आहे. पण पुढे धूळ नव्हती.
हे त्याला कसं सांगायचं असतं?

मी काही बोलले नाही.
त्याने हात पॅन्टला पुसला, तिथे फिकट पंजा उमटला.
"दोनदा धू," म्हणाला. "ही माती तेलाला चिकटून बसते.
इंजिन खाऊन टाकेल."
मी दोनदा धुतला. तिसऱ्यांदाही.
पाणी त्याच्या कांद्यांच्या वाफ्यात ओतलं.

सकाळी साडेपाचला किक तिसऱ्या फटक्यात लागली.
तो पायरीवर, अंगावर ब्लँकेट, मान तिरकी,
चेनचा, इंजिनचा, माझ्या हाताचा आवाज तपासत.
"मागची बॅग डावीकडे सरकलीय."
खरंच सरकली होती. पट्टा ओढला.
"बुधवारी," मी म्हणाले.
"मंगळवारी म्हणालीस काल."
"मंगळवारी. वाळू असली तर बुधवारी."

मॅककेबांच्या गोठ्यापुढे रस्ता संपतो, चढ लागतो.
तिथे चौथा गिअर टाकायचा, कुणीही टाकेल.
मी तिसऱ्यातच ठेवली,
इंजिन ओरडत होतं, पेट्रोल फुकट जात होतं,
पार माथ्यापर्यंत तिसऱ्यातच,
कारण वारा घराकडे वाहत होता.